मुलासाठी साहित्यातले नाव : निवडीपासून बारशापर्यंत

कोकणातल्या जुन्या पिढीतील पुरुषांची नावे आठवून पाहावीत : दत्ताराम, विश्राम, आत्माराम, भिकाजी, पांडुरंग, रघुनाथ. ही नावे कोणी बसून निवडलेली नसत. ग्रामदेवता, नवस आणि वारलेले आजोबा यांनी ती आधीच ठरवून ठेवलेली असत. आजच्या आईवडिलांना मात्र निवड करावी लागते, आणि ज्या घरात चार पुस्तके वाचली जातात त्या घरात मुलाच्या नावामागे एखादी कविता, एखादे नाटक किंवा एखादी कादंबरी उभी असावी अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. इच्छा चांगली आहे, पण ती निभावणे वाटते तितके सोपे नाही. शब्दकोशातून उचललेल्या नावाला केवळ अर्थ असतो. ग्रंथातून आलेल्या नावाला अर्थ असतो, कथा असते आणि त्या कथेचा शेवटही असतो. मुलगा पंधरा वर्षांचा झाला की तो शेवट त्याला कोणीतरी सांगतेच. हजेरीपट वाचण्यात आणि बारशाआधी सल्ले देण्यात माझे बरेच आयुष्य गेले असल्यामुळे जी पद्धत मला उपयोगी वाटली, ती येथे क्रमाने मांडतो.

वाचनाला आधी वेळ काढावा

बारसे बाराव्या दिवशी होते आणि त्या बारा दिवसांत घरातील कोणालाही पुस्तक उघडायला सवड मिळत नाही. म्हणून शोध सातव्या महिन्यापासून सुरू करावा. मोबाइलवरील नावांच्या यादीपासून प्रारंभ करू नये, कारण तेथे नाव आणि दोन शब्दांचा अर्थ यांपलीकडे काही नसते, आणि पुष्कळदा तो अर्थही कोणीतरी गोड करून लिहिलेला असतो. घरातल्या दोघांनी आपापल्या आवडीची पाच पुस्तके आठवावीत, त्यांतील पुरुषपात्रांची नावे कागदावर उतरवावीत आणि ज्या पुस्तकांचे तपशील विसरले असतील ती पुन्हा आणावीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालापासून चालू आहे, आणि तालुक्याच्या गावीही बहुतेक ठिकाणी एखादे जुने वाचनालय असतेच. नव्या दुकानांत न मिळणारी नाटके तेथे हमखास सापडतात.

नाव कोणत्या वाटेने येते ते ठरवावे

साहित्यातून नाव येण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येक वाटेचे वजन वेगळे आहे. लेखकाचे नाव, लेखकाचे टोपणनाव, पात्राचे नाव, ग्रंथाचे शीर्षक आणि कवितेतील एखादा शब्द या त्या वाटा होत.

लेखकाचे नाव ही सर्वांत सुरक्षित वाट आहे, पण ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मंगेश पाडगांवकर यांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ल्यात झाला. परंतु कोकणात मंगेश हे घरोघरी आढळणारे देवाचे नाव असल्यामुळे, त्यामागे कवी आहे हे मुलाला घरच्यांनीच सांगावे लागेल. याउलट चिपळूणला जन्मलेल्या मामा वरेरकरांचे मूळ नाव भार्गवराम होते. हे नाव आज दुर्मीळ आहे, भारदस्त आहे, आणि परशुरामाच्या भूमीत त्याचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. ‘भार्गव’ एवढाच भाग ठेवला तरी नाटककाराची आठवण टिकते.

टोपणनावाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले हे ‘केशवसुत’ या नावाने आधुनिक मराठी कवितेचे जनक ठरले, आणि त्यांच्या ‘तुतारी’ची आठवण म्हणून दादर ते सावंतवाडी धावणारी गाडीही त्या नावाने धावते. पण केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. म्हणून कवीच्या प्रेमापोटी मुलाला ‘केशव’ म्हणणारे आईवडील वास्तविक कवीच्या वडिलांचे नाव ठेवत असतात. कवीचे नाव हवे असेल तर ते ‘कृष्णाजी’ किंवा ‘कृष्ण’ होय. ‘कुसुमाग्रज’ हे तर धाकटी बहीण कुसुम असल्याशिवाय खोटेच पडेल. देवगड तालुक्यात जन्मलेले गोविंद विनायक करंदीकर ‘विंदा’ झाले, आणि तेंडोलीचे चिंतामण त्र्यंबक खानोलकर ‘आरती प्रभू’ झाले. या दोघांच्या बाबतीत पाळण्यातले नाव घेणेच शहाणपणाचे, कारण दोन्ही टोपणनावे मुलग्याला शाळेत अवघड जातील. त्याउलट आ. रा. देशपांडे यांचे ‘अनिल’ आणि रविकिरण मंडळातील शंकर केशव कानेटकर यांचे ‘गिरीश’ ही टोपणनावे इतकी सहज आहेत की ती धारण करणाऱ्या शेकडो गृहस्थांना आपल्या नावाचा एक कवी होऊन गेला याचा पत्ताही नसतो.

पात्राचे नाव घ्यायचे असेल तर पुस्तक शेवटपर्यंत वाचावे

या पायरीला सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक चुका येथेच होतात.

‘ययाती’ हे नाव कानाला भारदस्त वाटते. वि. स. खांडेकर यांनी शिरोड्याला १९२० ते १९३८ या काळात शिक्षकाचे काम केले, त्यांच्या ‘ययाति’ कादंबरीला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि सिंधुदुर्गातल्या वाचकाला या नावाबद्दल जिव्हाळा असणे योग्यच आहे. पण ययाती कोण, तर भोगाची तृप्ती होत नाही म्हणून स्वतःच्या मुलाचे तारुण्य मागून घेणारा बाप. कादंबरी थोर आहे म्हणून नायकाचे नाव थोर ठरत नाही. त्याच कथेतील तारुण्य देऊन टाकणारा मुलगा पुरू. त्याचे नाव त्या मानाने पुष्कळ निर्मळ आहे, मात्र शेजारची मुले त्याला ‘पुऱ्या’ म्हणणार याची तयारी ठेवावी. संजीवनी विद्या मिळवणारा आणि कादंबरीत संयमाचे माप ठरणारा कच हे पात्र सर्वांत उजळ. पण मराठीत ‘कच खाणे’ हा वाक्प्रचार आहे आणि ‘कचरा’ हा शब्दही आहे, त्यामुळे व्यास किंवा खांडेकर कोणीही आले तरी हे नाव वाचवू शकत नाहीत.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. ‘मृच्छकटिक’ हे संस्कृत नाटक देवलांनी मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे चारुदत्त हे नाव आपल्याकडे परिचित झाले. औदार्यामुळे दरिद्री झालेला हा सज्जन शेवटी वधस्थानापर्यंत नेला जातो आणि तेथून सुटतो; म्हणजे नाव धारण करणाऱ्याला कथा सांगताना कोठेही मान खाली घालावी लागत नाही. पण या नाटकात आणखी एक नाव आहे आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून तो मातीच्या गाडीशी खेळायला नकार देतो आणि रडतो. चारुदत्तावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना ही आईच आहे असे दासी त्याला सांगते, तेव्हा तो विचारतो की आई असेल तर तिच्या अंगावर दागिने कसे. ते ऐकून वसंतसेना अंगावरचे अलंकार उतरवून त्याची मातीची गाडी भरते. नाटकाचे नाव याच गाडीवरून पडले आहे, आणि पुढे तेच दागिने चारुदत्तावरच्या आरोपाचा पुरावा ठरतात. शेवटच्या अंकात हा मुलगा वडिलांच्या ऐवजी मला मारा असे मारेकऱ्यांना सांगतो. संपूर्ण नाटक ज्याच्या खेळण्यावर उभे आहे अशा मुलाचे नाव मुलाला देण्याजोगे नसेल तर कोणाचे असेल? हे नाव मी एका घरी सुचवले होते. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

बाणभट्टाच्या ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने ‘कादंबरी’ हा शब्दच उचलला, त्याचा नायक चंद्रापीड. ज्याच्या मस्तकावर चंद्राचा अलंकार आहे तो, असा सुरेख अर्थ असूनही मराठी कानाला त्यात ‘पीडा’ ऐकू येते. कालिदासाच्या रघुवंशातील अज हा प्रेमळ पती म्हणून प्रसिद्ध आहे, आणि इंदुमतीसाठी त्याने केलेला विलाप संस्कृत काव्यातील मोठ्या प्रसंगांत मोडतो. पण अज म्हणजे बोकड हेही संस्कृतच आहे, आणि शाळेत संस्कृत घेतलेला एखादा वर्गमित्र ते शोधून काढतोच.

कवीने स्वतः नावाचे कारण सांगितले असेल तर ती जागा सोडू नये

काही ठिकाणी कवी पात्राचे नाव का ठेवले हेही सांगून जातो. अशी नावे मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण तेथे अर्थ आपण चिकटवावा लागत नाही.

रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात दिलीप राजा आपल्या मुलाचे नाव ठेवतो. हा मुलगा विद्येच्या अंतापर्यंत जावा आणि युद्धात शत्रूंच्या अंतापर्यंत जावा, असा विचार करून, ‘जाणे’ या अर्थाचा धातू मनाशी धरून, तो ‘रघू’ हे नाव निवडतो. बारशाच्या वेळी बापाच्या मनात काय होते याची इतकी स्वच्छ नोंद दुसरीकडे क्वचितच मिळेल. पुढे चौथ्या सर्गात हाच रघू दिग्विजयाला निघतो आणि सह्याद्रीपलीकडे अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, येतो; परशुरामाने मागितल्यावर ज्याने जागा दिली त्या समुद्राने अपरांताच्या राजाच्या रूपाने रघूला कर दिला, असे कालिदास म्हणतो. पाचव्या सर्गात सर्वस्व दान करून बसलेल्या रघूकडे कौत्स नावाचा शिष्य गुरुदक्षिणेसाठी येतो, आणि राजा त्याला मातीच्या भांड्यातून अर्घ्य देतो. विद्या, पराक्रम आणि दान ही तिन्ही या दोन अक्षरांत आहेत, शिवाय आपला समुद्रही आहे. आजोबांचे नाव रघुनाथ असेल, आणि आपल्याकडे ते असण्याचा संभव मोठा आहे, तर त्यांचीही आठवण राहते.

शाकुंतलाच्या सातव्या अंकात सिंहाच्या बछड्याचे दात मोजणारा मुलगा भेटतो. प्राण्यांना बळाने वठणीवर आणतो म्हणून आश्रमात त्याला सर्वदमन म्हणतात, आणि पुढे लोकांचे भरण करील म्हणून त्याचे नाव भरत होईल असे मारीच ऋषी सांगतात. भरत हे नाव ठेवणाऱ्या अनेकांना रामाचा भाऊ अभिप्रेत असतो. शकुंतलेचा मुलगा अभिप्रेत असेल तर ते घरात स्पष्ट ठरवावे. सर्वदमन हे नाव मात्र आश्रमातच राहू द्यावे.

मराठी वाचकाच्या मनात नावाला कोणता डाग आहे ते तपासावे

सुधाकर म्हणजे चंद्र. अर्थ निर्दोष आहे. पण गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर दारूने संसार धुळीला मिळवतो, आणि त्याला पहिला प्याला देणाऱ्या तळीरामाचे नाव तर मद्यप्यासाठी सामान्यनामच होऊन बसले. सखाराम हे कोकणातील जुने, साधे आणि प्रेमळ नाव. त्याला एका बाजूने पु. ल. देशपांडे यांचा पुस्तकी बोलणारा गटणे चिकटला आणि दुसऱ्या बाजूने तेंडुलकरांचा बाइंडर. गटण्याची थट्टा मुलगा हसून सोसेल. बाइंडराची ओळख वयात आल्यावर होते. ‘नारायण’ ठेवल्यास लग्नघरात सर्व कामे त्याच्याच गळ्यात पडतील, एवढाच धोका आहे. संतांच्या नावांनाही काळ लागतो : ज्ञानदेवांचे गुरू आणि वडीलबंधू निवृत्तिनाथ यांचे नाव आज उच्चारले की ऐकणाऱ्याला पेन्शन आठवते. ज्ञानेश्वरीतून नाव हवे असल्यास तेथे अर्जुनाला मारलेल्या हाका पाहाव्यात. पार्थ आता प्रत्येक वर्गात दोन-तीन असतात, पण किरीटी अजून कोणी घेतलेले दिसत नाही.

या संदर्भात ‘श्याम’ या नावाचा विचार स्वतंत्रपणे करावा. पालगडचे साने गुरुजी यांचे स्वतःचे नाव पांडुरंग. पण महाराष्ट्राने त्यांना श्याम म्हणूनच ओळखले. पोहायला जाण्यास भिऊन लपून बसलेला, आईने शिंपटीने बडवून विहिरीकडे पाठवलेला हा मुलगा दापोली तालुक्याच्या मातीतला आहे. नाव जुने वाटते हे खरे, परंतु आईशी असलेले नाते नुसत्या उच्चाराने सांगणारे दुसरे मराठी नाव मला माहीत नाही. केवळ पन्नास वर्षांपूर्वी ते फार वापरले गेले म्हणून टाळू नये.

शीर्षकांबद्दल थोडक्यात एवढेच की ‘मृत्युंजय’, ‘राधेय’, ‘युगंधर’ ही नावे म्हणून चालतात, कारण त्या कादंबऱ्यांत ती कर्णाची आणि कृष्णाची विशेषणे म्हणून येतात. ‘छावा’ हे घरात लाडाने म्हणावे. कागदावर लिहू नये.

खळ्यात उभे राहून हाक मारून पाहावी

उरलेली तीन-चार नावे आता तोंडाने तपासावीत. खळ्यात उभे राहून परसापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारावी. वारा समुद्रावरून येत असताना जोडाक्षराने संपणारे नाव अर्ध्या वाटेत विरते, तर दीर्घ स्वराने संपणारे ‘रघू’ माडांच्या पलीकडे पोहोचते. नंतर ते नाव घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून आणि घरी कामाला येणाऱ्या गड्याकडून म्हणवून घ्यावे. मालवणी बोलीत सदाशिवाचा सदो आणि विठ्ठलाचा विठो होतो, आगरी-कोळी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो; म्हणजे अलिबागच्या बाजूला ‘प्रणव’ हा ‘प्रनव’ होणारच. हे बोलीचे रूप कानाला गोड वाटत असेल तर नाव ठेवावे, आणि ते ऐकून दर वेळी कपाळाला आठी पडणार असेल तर दुसरे शोधावे. लोकांचे उच्चार सुधारण्याचे काम मुलाच्या नावावर सोपवू नये.

हाक मारून झाली की पूर्ण नाव म्हणावे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. पूर्वी तीन शब्दांचा तोल पाहावा लागे, आता चारांचा पाहावा लागतो. आईचे नाव पाच अक्षरी आणि आडनाव ‘पेडणेकर’ असेल तर मुलाला ‘मृत्युंजय’ देणे म्हणजे फॉर्मवरील चौकटी कमी पाडणे होय. तेथे दोन अक्षरी नावच शोभते. आडनाव ‘राणे’ किंवा ‘परब’ असेल तर ‘चारुदत्त’ ऐटीत बसतो.

लेखन एकदाच आणि नीट ठरवावे

मराठी लेखननियमांनुसार व्यक्तिनामातील शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. म्हणून एकटा ‘रघू’ दीर्घ, पण ‘रघुनाथ’ मध्ये ऱ्हस्व, आणि ‘चारुदत्त’ मध्येही ‘रु’ ऱ्हस्वच. माझ्या परिचयातील एका चारुदत्ताच्या शाळेच्या दाखल्यावर ‘चारूदत्त’ आणि जन्मदाखल्यावर ‘चारुदत्त’ असे झाले, आणि एका उकारासाठी त्याच्या वडिलांना प्रतिज्ञापत्र करावे लागले. रोमन अक्षरांतील रूप याहून त्रासदायक असते. ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो आणि उत्तरेत ‘रि’ म्हणतात. ‘ज्ञ’ तर प्रत्येक प्रांतात निराळा लिहिला जातो. जे रूप ठरेल ते मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून रुग्णालय, आधार आणि शाळा या तिन्ही ठिकाणी तोच कागद दाखवावा.

नावरसाचा, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणाऱ्या आद्याक्षराचा, प्रश्न ज्या घरात महत्त्वाचा असेल तेथे जन्मनक्षत्र कळल्यावर यादी पुन्हा पाहावी. चित्रेच्या चरणाक्षरांत ‘रा’ येतो, स्वातीत ‘रो’ येतो, पुनर्वसूत ‘के’, आणि मूळ नक्षत्रात ‘भा’ येतो. म्हणजे राधेय, रोहसेन, केशव आणि भार्गव यांची सोय होते. हस्ताला मात्र पू, ष, ण, ठ ही अक्षरे येतात, आणि पुरू सोडला तर कालिदासही फारशी मदत करू शकत नाही. अशा वेळी नावरस पत्रिकेत ठेवून व्यवहारात दुसरे नाव वापरण्याची जुनी प्रथा आहेच. तिचा संकोच बाळगू नये.

नोंदणी आणि बारसे

जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत व्हावी लागते, पण त्या वेळी नाव ठरलेलेच असले पाहिजे असे नाही. नाव न घालता केलेल्या नोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. मनाचा निर्णय झाला नसेल तर घाईने काहीही लिहून देण्यापेक्षा ही मुदत वापरावी. एकदा घातलेले नाव बदलणे फार जिकिरीचे असते. दाखला हातात आला की खिडकीपासून दूर होण्यापूर्वी चारही शब्द अक्षर-अक्षर वाचावेत.

बारशाच्या दिवशी एक काम अवश्य करावे. पाळण्याजवळ ते पुस्तक ठेवावे आणि नाव ज्या पानावर आले आहे तेथे तारीख घालून ठेवावी. आणि आत्येला नाव आदल्या दिवशी सांगून, कागदावर लिहून देऊन, दोनदा म्हणवून घ्यावे. वर सांगितलेल्या घरी हे राहून गेले. बायका पाठीत धपाटे घालीत होत्या, पाळणा हलत होता, आणि आत्येने बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून जे नाव सांगितले ते ओटीवर बसलेल्यांना ‘रोशन’ असे ऐकू आले. दाखल्यावर आज रोहसेन आहे, शाळेतही रोहसेन आहे. पण आजी त्याला रोशन म्हणूनच हाक मारते आणि तो त्या हाकेला पहिल्यांदा ओ देतो.